विजयालक्ष्मी पंडित : एका गुणाच्या प्रश्नामागचं आयुष्य



सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष कोण? मुलं पटकन उत्तर देतात, विजयालक्ष्मी पंडित. एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एखाद्या चौकस मुलानं त्या कोण होत्या असं विचारलंच, तर पंडित नेहरूंच्या बहीण, एवढं सांगून आपण मोकळे होतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण या दोन ओळींच्या मध्ये नव्वद वर्षांचं एक आयुष्य आहे. त्यात तुरुंग आहे, वैधव्य आहे, आणि एका मताच्या फरकानं जिंकलेली एक लढाईही आहे. ती लढाई मला 1953 च्या अध्यक्षपदापेक्षा मोठी वाटते. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1900 चा, अलाहाबादचा. नाव ठेवलं स्वरूपकुमारी. वडील मोतीलाल नेहरू नामांकित वकील, घर म्हणजे आनंद भवन. जवाहरलाल त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आणि धाकटी बहीण कृष्णा सात वर्षांनी लहान. घरात सगळे त्यांना नान म्हणत. आता शिक्षक म्हणून आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट ऐका. ही मुलगी शाळेत गेलीच नाही. भाऊ विलायतेला हॅरो आणि केंब्रिजला शिकला. बहिणींना मात्र घरीच इंग्रज शिक्षिका ठेवून शिकवलं. भाषा, वाचन, घोडेस्वारी सगळं झालं, पण शाळेचा दाखला नाही की कॉलेजची पदवी नाही. एवढ्या श्रीमंत आणि पुढारलेल्या घरातसुद्धा मुलाचं शिक्षण वेगळं आणि मुलीचं वेगळं होतं. पुढे याच बाई तीन देशांच्या राजधान्यांत भारताच्या प्रतिनिधी झाल्या, म्हणून ती उणीव झाकली जाते. पण ती होती.

1921 च्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं. नवरदेव होते रणजित सीताराम पंडित. इथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, संबंध येतो. रणजितांचं घराणं मूळ कोकणातलं, मराठी, आणि राजकोटला स्थायिक झालेलं. स्वतः रणजित बॅरिस्टर होते, संस्कृतचे गाढे अभ्यासक होते आणि त्यांना बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या. कल्हणाच्या राजतरंगिणीचं त्यांनी इंग्रजीत भाषांतर केलं, ते 1935 साली प्रसिद्ध झालं. काश्मीरचा इतिहास सांगणारा हा संस्कृत ग्रंथ काश्मिरी घराण्याच्या मराठी जावयानं इंग्रजीत नेला, ही मला मोठी गंमत वाटते. लग्नात तांदळात नवं नाव लिहिण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. सासरच्या रीतीप्रमाणे स्वरूपकुमारीच्या विजयालक्ष्मी झाल्या. तेव्हा काश्मिरी पंडितांच्या घरातली मुलगी समाजाबाहेर देणं ही साधी बाब नव्हती. वधूनं खादीची साडी नेसली होती. लग्नाची तारीख होती 10 मे, म्हणजे 1857 च्या उठावाचा दिवस. काँग्रेसची पुढारी मंडळी लग्नाला अलाहाबादला जमलेली, वर ही तारीख. त्यामुळे तिथले इंग्रज अधिकारी उगाचच धास्तावले होते म्हणे.

त्यांना तीन मुली झाल्या : चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता. यातल्या नयनतारा म्हणजे लेखिका नयनतारा सहगल. 2019 च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते ठरलं होतं आणि नंतर ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्या वादामुळे हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असेल.

गांधीजींची चळवळ या घरात शिरली तेव्हा सगळं घरच बदललं. 1932 साली विजयालक्ष्मींना एक वर्षाची शिक्षा झाली. रणजितही तुरुंगात होते. मग मुलींचं काय? पालकहो, हा प्रश्न आपल्याला आधी पडतो, नाही का? पुण्यात वकील आडनावाच्या एका दांपत्याची निवासी शाळा होती. मामेबहीण इंदिरा तिथेच शिकत होती, त्याच शाळेत या तिघींना ठेवलं. सर्वांत धाकटी रीता तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. आपल्या बालवाडीत येणारं मूल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या वर्षाचा अर्थ कळेल. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात आपण तुरुंगवासाचे महिने लिहितो. त्या महिन्यांत मागे राहिलेली लेकरं कुठे होती, हे सहसा कुणी लिहीत नाही.

सुटून आल्यावर त्यांनी जे पहिलं सार्वजनिक पद घेतलं ते ऐकून आपल्याला आपलेपणा वाटेल. अलाहाबाद नगरपालिकेवर त्या निवडून आल्या आणि तिथे शिक्षण समितीच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या शिक्षण मंडळासारखंच काम. जो माणूस स्वतः शाळेत गेला नाही, त्याच्याकडे गावच्या शाळा! पुढच्या आयुष्यात त्यांनी मोठमोठी सभागृहं पाहिली. पण सभेचे नियम, अर्ज, ठराव, मतदान हे सगळं त्या शिकल्या असतील तर अशा ठिकाणी, असं मला वाटतं. नगरपालिकेच्या बैठकीला ज्यांनी कधी हजेरी लावली आहे, त्यांना हे पटेल. तिथे टिकलेला माणूस कुठेही टिकतो.

1937 च्या निवडणुकीत त्या कानपूरजवळच्या ग्रामीण भागातून संयुक्त प्रांताच्या विधानसभेत गेल्या. संयुक्त प्रांत म्हणजे आजचा उत्तर प्रदेश, साधारणपणे. गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानात कॅबिनेट मंत्री झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. आरोग्य खातं म्हणजे शोभेचं खातं नव्हतं बरं का. 1938 ला हरिद्वारला कुंभमेळा होता, आणि त्या काळी कुंभ म्हटलं की कॉलऱ्याची धास्ती. लाखो यात्रेकरूंच्या पाण्याची, लसीकरणाची काळजी या खात्याला करावी लागे. पण हे मंत्रिमंडळ फार दिवस टिकलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून 1939 च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यानंतर पुन्हा तुरुंग.

ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना तिसऱ्यांदा अटक झाली आणि नैनी तुरुंगात ठेवलं. थोड्याच दिवसांत त्याच बराकीत मोठी मुलगी चंद्रलेखा आली, आणि मग भाची इंदिरा. आई, लेक आणि भाची एकाच बराकीत! त्या दिवसांची त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे 1945 मध्ये पुस्तकरूपानं आली. भाऊ तेव्हा आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात होता आणि नवरा बरेलीच्या तुरुंगात.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रणजितांची प्रकृती तुरुंगात पार खालावली. सुटका झाली ती शरीर खचल्यावरच. 14 जानेवारी 1944 ला, संक्रांतीच्या दिवशी, लखनौला ते गेले. वय फक्त पन्नास. दोन मोठ्या मुली तेव्हा शिकायला अमेरिकेत होत्या, वेलस्ली कॉलेजात. वडिलांच्या शेवटच्या दर्शनाला त्या येऊ शकल्या नाहीत. भाऊ किल्ल्यात बंद. आणि दुःखाचे दिवस सरायच्या आत दुसरा घाव बसला. रणजितांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलगा नव्हता, तीन मुलीच. त्या वेळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता मुलग्याच्या वंशानं पुढे जायची. विधवेचा हक्क तोकडा आणि मुलींचा त्याहून तोकडा. सासरच्या माणसांनी मालमत्तेवर हक्क सांगितला आणि नवऱ्याचे पैसे विजयालक्ष्मींच्या हाती आले नाहीत.

जरा थांबून विचार करा. ही बाई मंत्री होऊन गेलेली होती. मोतीलाल नेहरूंची मुलगी होती. तीन वेळा तुरुंग भोगलेली होती. तरी नवरा गेल्याबरोबर कायद्याच्या नजरेत ती कोण, तर मुलगा नसलेली एक विधवा. मग आपल्या गावातल्या, आपल्या वर्गातल्या मुलांच्या आयांचं त्या काळी काय होत असेल? विजयालक्ष्मींनी हा वाद शेवटपर्यंत कोर्टात ओढत नेला नाही. पण स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यांना आता पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष राहिल्या होत्या, आणि ही परिषद कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षं झगडत होती. हिंदू वारसा कायदा झाला तो 1956 साली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क मिळायला तर 2005 साल उजाडलं.

1944 च्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. मुलींना भेटायचं होतंच, पण कामही होतं. जानेवारी 1945 मध्ये व्हर्जिनिया राज्यात पॅसिफिक भागातल्या देशांच्या प्रश्नांवर एक परिषद होती, तिथे त्यांनी भारतीय मंडळाचं नेतृत्व केलं. मग त्या गावोगाव व्याख्यानं देत हिंडल्या. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करण्यासाठी पन्नासेक देश जमले. हिंदुस्थानचंही अधिकृत मंडळ तिथे होतं, पण ते नेमलेलं होतं इंग्रज सरकारनं. विजयालक्ष्मी त्या मंडळात नव्हत्या. त्या बाहेर उभ्या होत्या. अमेरिकेतल्या भारतीयांच्या संस्थांनी त्यांना साथ दिली आणि त्यांनी पत्रकार परिषदा घेतल्या, निवेदन दिलं. सांगणं एवढंच होतं की आत बसलेली माणसं भारताच्या जनतेची नाहीत, आणि भारत गुलाम असताना जगाच्या शांततेच्या गप्पा अपुऱ्या आहेत. अधिकृत प्रतिनिधींपेक्षा वर्तमानपत्रांत या बाईंचीच चर्चा अधिक झाली.

त्या नेहरूंची बहीण होत्या म्हणून सगळं मिळालं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील सांगते. सॅन फ्रान्सिस्कोची परिषद भरली तेव्हा भाऊ तुरुंगात होता. त्या वेळी त्यांच्या हातात ना पद होतं ना सरकार.

पुढच्या वर्षी मात्र चित्र पालटलं. सप्टेंबर 1946 मध्ये दिल्लीत हंगामी सरकार आलं आणि नेहरू त्याचे प्रमुख झाले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला आमसभा भरणार होती. तिथे जाणाऱ्या भारतीय मंडळाचं प्रमुखपद विजयालक्ष्मींना मिळालं. मुंबईचे प्रसिद्ध कायदेपंडित महंमद करीम छागलाही त्यांच्यासोबत होते. विषय होता दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा. तिथल्या सरकारनं 1946 मध्ये एक कायदा केला होता. भारतीयांनी कुठे राहायचं, कुठे जमीन घ्यायची यावर त्यानं बंधनं घातली. भारतानं त्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि व्यापारही तोडला. लक्षात घ्या, भारत अजून स्वतंत्र झालेला नाही. स्वतःचं घर अजून आपल्या नावावर नाही, आणि आपण दुसऱ्याच्या घरातल्या अन्यायाबद्दल जगाच्या पंचायतीत उभे राहतोय!

समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल यान स्मट्स. हा माणूस साधा नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेची प्रस्तावना, ज्यात मानवी हक्कांवरचा विश्वास सांगितला आहे, ती लिहिण्यात स्मट्स यांचा मोठा वाटा होता. आणि गांधीजींशी त्यांचं जुनं नातं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना स्मट्स यांनीच त्यांना तुरुंगात टाकलं होतं, आणि गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हातानं चपला बनवून त्यांना भेट दिल्या होत्या. न्यूयॉर्कला निघण्यापूर्वी विजयालक्ष्मी गांधीजींना भेटल्या, तेव्हा त्यांनी बजावलं की स्मट्स यांना भेटून हात मिळवायचा, आशीर्वाद मागायचा, आणि बोलण्यात कडवटपणा येऊ द्यायचा नाही. ज्याच्याविरुद्ध खटला, त्याचाच आशीर्वाद!

दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं होतं की हा आमचा घरगुती मामला आहे, यात राष्ट्रसंघानं पडू नये, फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा. युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनं कच्चा नव्हता. विजयालक्ष्मींनी बाजू मांडली ती अशी, की माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कुणाच्या कुंपणाआतला राहत नाही, आणि तसा तो राहणार असेल तर सनदेत लिहिलेल्या शब्दांना अर्थ काय? अमेरिका आणि ब्रिटन ही दोन्ही बडी राष्ट्रं भारताच्या ठरावाच्या विरोधात होती. आशिया, लॅटिन अमेरिका, अरब देश आणि सोव्हिएत गट यांच्यात मतं गोळा करत फिरावं लागलं.

8 डिसेंबर 1946 ला मतदान झालं. हे आकडे पाचवी ते आठवीच्या कोणत्याही वर्गात गणिताच्या तासाला घेता येतील. बाजूनं 32, विरोधात 15, तटस्थ 7. एकूण सदस्य 54. ठराव मंजूर व्हायला दोनतृतीयांश मतं लागत होती, आणि तटस्थ मतं त्यात धरत नाहीत. म्हणजे 47 चे दोनतृतीयांश. करा गुणाकार : 31 पूर्णांक 1 छेद 3. बत्तीस मतं मिळाली म्हणून ठराव पास. बाजूच्या एकानं जरी विरोधात मत टाकलं असतं तरी गेला असता. अपूर्णांक कशाला शिकायचे असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या.

मतदान झाल्यावर त्या स्मट्स यांच्याकडे गेल्या. गांधीजींनी सांगितलेल्या पातळीपेक्षा माझ्या बोलण्यात काही कमी पडलं असेल तर क्षमा करा, अशा अर्थाचं काही त्या बोलल्या. स्मट्स यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की हा विजय पोकळ आहे. या मतदानामुळे पुढच्या निवडणुकीत माझी सत्ता जाईल, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हातारा खरं बोलला. 1948 ला स्मट्स हरले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी वर्णभेद हेच सरकारचं अधिकृत धोरण करून टाकलं. भारतीयांची आणि त्याहून कितीतरी पटीनं तिथल्या काळ्या लोकांची स्थिती आणखी वाईट झाली.

मग तो ठराव फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. त्या दिवसापासून हा घरगुती मामला राहिला नाही. राष्ट्रसंघाच्या कार्यसूचीवर तो एकदा चढला तो उतरलाच नाही, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. पण त्या पंधरवड्यात दरबानमधल्या एखाद्या भारतीय दुकानदाराला न्यूयॉर्कच्या ठरावानं काय मिळालं, असं विचाराल तर उत्तर आहे, काही नाही. या दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात. फक्त जयजयकार सांगितला तर तो इतिहास अर्धा राहतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच महिन्यात त्या मॉस्कोला भारताच्या पहिल्या राजदूत म्हणून रुजू झाल्या. त्याआधी संविधान सभेतही त्या होत्या. तिथल्या पंधरा महिला सदस्यांपैकी एक. मॉस्कोचा काळ फार यशस्वी झाला असं म्हणता येणार नाही. जवळपास दोन वर्षांत स्टालिन त्यांना एकदाही भेटले नाहीत. वकिलातीसाठी स्वीडनहून फर्निचर मागवलं म्हणून इकडे टीका झाली. युद्धानं मोडलेल्या मॉस्कोत सामान मिळत नव्हतं हे खरं, पण फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना लोकांना तो खर्च खुपला, हेही समजण्यासारखं आहे. ऐटीत राहण्याची त्यांना सवय होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

1949 ते 1951 त्या वॉशिंग्टनला राजदूत होत्या. 1950 च्या डिसेंबरात त्यांनी अमेरिकेकडे 20 लाख टन धान्याची मागणी केली, कारण आपल्याकडे पिकं बुडाली होती. कोरियाच्या युद्धात भारत अमेरिकेच्या मागे फरफटत गेला नव्हता, त्याचा राग तिथल्या काँग्रेसमध्ये होता. सहा महिने घोळ चालला. शेवटी जून 1951 मध्ये 19 कोटी डॉलरचं कर्ज म्हणून ते धान्य मंजूर झालं. भुकेल्या देशाचा राजदूत होणं सोपं काम नाही. धान्य तर मागायचं आणि मान तर वाकवायची नाही. दुकानदाराकडे उधारी मागणाऱ्या घरच्या बाईला यातली कसरत जास्त चांगली कळेल.

आणि मग ती एका गुणाची तारीख. 15 सप्टेंबर 1953. आठव्या आमसभेच्या अध्यक्षपदासाठी त्या आणि थायलंडचे राजपुत्र वान वैताय्याकोन अशी लढत झाली आणि त्या निवडून आल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या संघटनेच्या स्थापनेला त्या दाराबाहेर होत्या, तिच्या व्यासपीठावर त्या आता मधल्या खुर्चीत बसल्या. पद मानाचं, पण हात बांधलेले. अध्यक्षानं आपल्या देशाची बाजू मांडायची नसते, सभा चालवायची असते. म्हणूनच मला 1946 अधिक मोलाचं वाटतं. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत दुसरी महिला बसली ती 1969 मध्ये, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. तिसरी 2006 मध्ये, बहरीनच्या हया बिंत रशीद अल खलिफा. मधली अंतरं मुलांना वजाबाकी करून काढू द्या.

भावाच्या नावाचा त्यांना उपयोग झाला का? झालाच की. मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन या तिन्ही नेमणुका भाऊ पंतप्रधान असताना झाल्या, आणि त्या काळी यावर कुजबुज होत होती ती काही निराधार नव्हती. पण नाव दार उघडून देतं. आत गेल्यावर बोलावं स्वतःलाच लागतं. स्मट्स यांच्यासमोर बत्तीस मतं भावानं गोळा करून दिली नव्हती.

लंडनला त्या 1961 पर्यंत, जवळजवळ सात वर्षं, उच्चायुक्त होत्या. सुएझच्या प्रकरणात 1956 ला भारत ब्रिटनवर उघड टीका करत होता, तेव्हा त्याच लंडनमध्ये संबंध टिकवून धरायचं अवघड काम त्यांच्याकडे होतं.

त्यानंतर त्या आपल्याकडे आल्या. 28 नोव्हेंबर 1962 ला त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. वेळ कशी होती पाहा. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले आणि मारोतराव कन्नमवार नवे मुख्यमंत्री. वर्षभरात कन्नमवारांचं निधन झालं आणि वसंतराव नाईक आले. कोकणातल्या घराण्याची ही सून चाळीस वर्षांनी मलबार हिलच्या राजभवनात राहायला आली, पण फार काळ रमल्या नाहीत. 27 मे 1964 ला नेहरू गेले. ऑक्टोबरात त्यांनी राज्यपालपद सोडलं आणि भावाच्या रिकाम्या झालेल्या फुलपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेल्या. 1967 ला पुन्हा जिंकल्या, पण 1968 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या. भाची पंतप्रधान होती आणि आत्या-भाचीचं जुळत नव्हतं. त्या डेहराडूनला जाऊन राहिल्या. त्यांचं राजकारण संपलं असंच सगळ्यांना वाटलं.

ते संपलं नव्हतं. 1975 ला आणीबाणी आली. 1977 च्या सुरुवातीला निवडणूक जाहीर झाली तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. निवांत बागेत बसायचं वय. त्या घराबाहेर पडल्या आणि ज्या पक्षात सगळं आयुष्य गेलं त्याच्याविरुद्ध, ज्या भाचीबरोबर नैनीच्या बराकीत राहिल्या तिच्याविरुद्ध, देशभर सभा घेत हिंडल्या. ज्यांना त्या फक्त घराण्यातल्या एक बाई वाटत होत्या, त्यांना हे बघून काय वाटलं असेल! घरातल्या माणसाविरुद्ध चारचौघांत उभं राहणं किती जड जातं, ते आपल्या प्रत्येकाला आपापल्या घरावरून कळतं. निकाल काय लागला ते तुम्हाला माहीतच आहे. पुढे त्या राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून पुन्हा गेल्या, आणि 1979 मध्ये त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

1 डिसेंबर 1990 ला डेहराडूनला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी, 11 फेब्रुवारीला, दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला 27 वर्षांनी तुरुंगातून बाहेर आले होते. स्मट्स जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. बत्तीस मतांचा ठराव मांडणाऱ्या बाई मात्र ती बातमी ऐकायला हयात होत्या.